उजवा पदर

७ जुलै

आले एकदाची. निइगाता स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं, तरी बॅग ओढत चालतच आले, कारण बसचा नंबर विचारायचा कंटाळा. फुरुमाचीच्या छप्पर घातलेल्या बाजारात एक बंद पडलेलं छत्र्यांचं दुकान आहे. त्याच्या माडीवर माझी नवी नोकरी.

ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याच्याच पंक्तीला येऊन बसले आहे मी. वसंतात कंपनीचे मालक काजितानीसान यांच्या गेमचा नमुना बाहेर आला आणि मी इंटरनेटवरच्या माझ्या परीक्षणांच्या पानावर त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. वाचायची प्रेमकथा आहे: स्क्रीनवर चित्र, खाली संवाद, मधूनमधून तीन पर्याय, त्यातला एक आपण निवडायचा. नाव ‘नदीकाठचा उन्हाळा’, नायिका मिसाओ. संवाद झकास, हे मी आधीच कबूल केलं होतं. पोरगा-पोरगी एकमेकांना असे टोमणे मारतात की वाचता वाचता चहा गार होतो. संध्याकाळच्या नदीचे देखावेही सुरेख. पण चित्रं सगळी एआयकडून काढलेली, आणि ते लपत नाही. एका हाताला सहा बोटं, डाव्या कानातलं पुढच्या चित्रात उजव्या कानात, आणि तिसऱ्या प्रसंगात मिसाओच्या जागी तिची मावसबहीण येऊन बसल्यासारखी वाटते. सगळ्यात मोठा दोष मी शेवटी लिहिला होता. ही मुलगी कधीच नाही म्हणत नाही. तीनपैकी कुठलाही पर्याय निवडा, अगदी उर्मट निवडा, ती खाली बघते आणि हो म्हणते. दारावरची घंटासुद्धा कधीतरी वाजायची राहते, हिचं तसं नाही, असं मी लिहिलं आणि त्यावर लोक खूप हसले.

काजितानीसान चिडले नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं, की तुमची नजर चांगली आहे, तर येऊन दोष निस्तराच. नागोयाच्या विमा कंपनीत फोन उचलून उचलून मी विटले होते. आले.

माणसं मोजकीच. काजितानीसान चाळिशीचे, स्वच्छ, हळू बोलणारे. संवाद लिहिणारे ओनुमासान, पोट सुटलेले आणि तोंडही. आणि काजितानीसानच्या थोरल्या बहीण तोकिएसान, ज्या हिशेब बघतात, चहा करतात आणि खालच्या मजल्यावर राहतात. आज तानाबाताचा सण, म्हणून जिन्यात बांबूची फांदी लावून त्यावर प्रत्येकाने इच्छेची चिठ्ठी बांधली होती. ओनुमासानने लिहिलं होतं, पोट कमी होवो. काजितानीसानने लिहिलं होतं, तिने हो म्हणावं. गेमवर किती जीव आहे या माणसाचा, असं वाटून मला बरं वाटलं.

१० जुलै

काम आवडलं. मागच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर अहोरात्र चालू असतो आणि चित्रं काढत बसतो. ओनुमासान त्याला चित्रकारबुवा म्हणतात. म्हणाले, पगार मागत नाहीत, रुसत नाहीत, नुसती वीज पितात, आणि बोटं मोजायला मात्र शाळेत कधी शिकलेच नाहीत. प्रत्येक पात्राचं चित्र वेगळं कापून ठेवलेलं असतं आणि मग ते देखाव्यावर चिकटवतात. मी कापलेली चित्रं एकेक करून बघते आणि बोटं, कानातली, दात ठीक करते.

खरं सांगायचं तर मी बाहेरून लिहिलं तेवढं हे काम वाईट नाही. ओल्या दगडावर पडलेला संध्याकाळचा उजेड चित्रकारबुवा असा काढतात की मी काम सोडून बघत राहते. चार माणसांच्या कंपनीला एवढे देखावे कुणी काढून दिले असते? फक्त माणूस आला की घोटाळा होतो.

आज एक नवा घोटाळा सापडला. जत्रेच्या प्रसंगात मिसाओ युकाता, म्हणजे पुढे दोन पदर एकमेकांवर घेऊन बांधायचा सुती किमोनो, घालते, आणि तिचा उजवा पदर वर आहे. आमच्याकडे शेंबडं पोरही ही चूक करत नाही. जिवंत माणूस उजवा पदर आधी अंगाला लावतो आणि डावा त्याच्यावर घेतो. उजवा वर घेतात तो फक्त मेलेल्या माणसाला नेसवताना, कारण मेलेल्याचं सगळंच उलटं करायचं असतं. नायिका जत्रेत बर्फाचा गोळा खाते आहे आणि नेसली आहे प्रेतासारखी! मी इतकी हसले की तोकिएसान चहा घेऊन दारातच थांबल्या.

१४ जुलै

एक चित्र नाही, सगळीच तशी आहेत. मिसाओ, नायक, मागे गर्दीत उभी असलेली माणसं, सगळ्यांचा उजवा पदर वर. ओनुमासानकडे याचं उत्तर तयार होतं. यंत्राला शिकवायला फोटो कमी पडले, म्हणून काजितानीसानने प्रत्येक फोटो आरशात दिसतो तसा उलटा करून पुन्हा भरला, आयते दुप्पट. त्यात त्याला डावं-उजवं कळेनासं झालं. मी म्हटलं, मग निम्मी चित्रं तरी बरोबर यायला हवीत की! ते म्हणाले, बाई, मी प्रेमाचे संवाद लिहितो, गणित तोकिएसानना विचारा.

फोटो कुणाचे, हे मी काजितानीसानना विचारलं. जुने आहेत, ओळखीतल्या एका मुलीचे, एवढंच ते म्हणाले.

मी चार चित्रांवर हाताने पदर नव्याने रंगवला. मान मोडली, पण काम देखणं झालं. सकाळी येऊन उघडली तर उजवा पदर पुन्हा वर.

१८ जुलै

पुन्हा रंगवली, पुन्हा तेच. कुणीतरी जुनी चित्रं परत आणून ठेवतं आहे म्हणून मी ओनुमासानवर खेकसले. त्यांनी शपथेवर सांगितलं, की मला फाइल कुठे ठेवतात तेच माहीत नाही. त्यांच्याकडे बघून ते पटलं.

मग दुपारी डोक्यात उजेड पडला. रंगवायचं कशाला? अख्खं चित्र आरशात दिसतं तसं उलटवायचं, की पदर आपोआप जागेवर! एक उलटवून ठेवलं. ते तसंच राहिलं. पोरीच्या डाव्या डोळ्याखालचा तीळ उजवीकडे गेला, पण तीळ कोण बघतो? मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नायिकेचं नवं चित्र आलं की तो पदर तपासतो आणि चुकीचा असेल तर चित्र स्वतःच उलटवून ठेवतो. ओनुमासानने माझ्या नावावरून त्याचं नाव ठेवलं चिगुसाची शिंपीण. काजितानीसान इतके खूश झाले की म्हणाले, आता ती अगदी जिवंत दिसते.

संध्याकाळी नदीकाठी माझ्या स्वागताची मेजवानी झाली. कंपनीकडे चित्रांसाठी आणलेले युकाता होते, ते सगळ्यांनी घातले. उकडलेल्या शेंगा, गार बिअर, बांबूच्या पानातले तांदळाचे लाडू. काजितानीसानने मोठ्या कॅमेऱ्याने माझे खूप फोटो काढले, समोरून, बाजूने, हसताना, खाली बघताना. म्हणाले, आठवण राहील. नागोयात तीन वर्षांत माझा कुणी एक फोटो काढला नव्हता. छान वाटलं.

२५ जुलै

शिंपीण जोरात काम करते आहे. दिवसाला ढीगभर चित्रं उलटवते.

एक गंमत झाली. घरी आंघोळीनंतर सुती युकाता घालायची माझी सवय आहे. काल आरशासमोर आले तर उजवा पदर वर! दिवसभर तेच बघते आहे, हाताला सवय लागली असणार. सोडून नीट बांधला. आज पुन्हा तसाच. आणि आंघोळीचं पाणी. गरम पाण्यात गार विसण घालायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. आज बघते तर मी बादलीत आधी गार घेतलं होतं आणि वरून गरम ओतत होते. प्रेताला आंघोळ घालताना तसं करतात. मी बादली ओतून दिली. मग माझं मलाच हसू आलं. थोडंसं.

कचेरीत तोकिएसान माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. कधी नव्हे ते स्वतःहून बोलल्या. तिला कुणी उलटवलं, असं विचारलं. चित्राला नाही, तिला. मी म्हटलं, मीच. त्या निघून गेल्या आणि त्या दिवशी चहा आला नाही.

१ ऑगस्ट

आता हसू येत नाही.

उशी उत्तरेला असते. मी पूर्वेला डोकं करून झोपते आणि जाग येते तेव्हा डोकं उत्तरेला, प्रेताचं ठेवतात तसं. अंथरूणसुद्धा सरळ, कुणी हाताने फिरवून ठेवल्यासारखं.

मी टीका लिहिणारी बाई आहे, तेव्हा याचाही माग काढून पाहिला. रविवारी चित्रकारबुवा बंद होते आणि शिंपिणीला काम नव्हतं. त्या दिवशी माझा पदर सरळ राहिला. सोमवारी कामाचा ढीग आला आणि घरी जाईपर्यंत माझ्या अंगातल्या साध्या ब्लाउजची बटणंसुद्धा उलट्या बाजूने लागलेली होती. सकाळी मी स्वतः लावलेली.

जे मनात येतं आहे ते लिहून टाकते. तिला जिवंत माणसाचा पदर मिळतो आहे आणि तो माझा जातो आहे.

४ ऑगस्ट

पदर राहू दे बाजूला. आज नुसता संताप.

गेममध्ये दुसरी नायिका आली आहे. सकाळी मागच्या खोलीत तिची चित्रं पडली होती आणि ती मी आहे. माझं नाक, माझी पुढे आलेली हनुवटी, नदीकाठच्या मेजवानीतला युकाता. समोरून, बाजूने, हसताना, खाली बघताना. आठवण राहील म्हणाला होता! खाली संवाद होता: हो. पुढचं चित्र: हो. तिला काहीही विचारलं तरी हो.

मी तडक काजितानीच्या खोलीत गेले. सांगितलं, की हा माझा चेहरा आहे, मला विचारल्याशिवाय कसा घेतला, आत्ताच्या आत्ता काढा. काजितानी हळूच हसला. म्हणाला, कामाच्या करारात संदर्भचित्रं कंपनीची असं आहे, तुम्ही सही केली आहे. शिवाय तुम्हीच लिहिलं होतं ना, की दर प्रसंगात चेहरा बदलतो? तुमच्या चेहऱ्याने तो दोष गेला, अभिनंदन. मी म्हटलं, मी नाही म्हणते आहे, कळतं का? नाही! त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बोललेच नाही. मग म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही.

या दुसऱ्या नायिकेच्या गोष्टीचं लेखन ओनुमासानकडे नाही. ती तो स्वतः लिहितो, स्वतःच्या कुलपात ठेवून.

असा बदला घेईन याचा, की —

७ ऑगस्ट

शहरात उत्सव आहे. आतषबाजीची तयारी चालली आहे, रस्त्यात ढोल. कचेरीत मी आणि तोकिएसान दोघीच होतो. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, तुमच्या भावाने माझा चेहरा चोरला आहे, आणि दुसरं जे काही चाललं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. बोला.

त्या बोलल्या. टेबलावरचा कागद सरळ करत, न थांबता.

मिसाओ खरी होती. काजितानीच्या वर्गातली. तो तिच्या मागे होता आणि तिने त्याला तोंडावर नाही सांगितलं होतं, एकदा नव्हे, सारखं. अशाच उत्सवात, आतषबाजीच्या वेळी, तो तिच्या मागे मागे नदीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात सापडली, मेलेली. याने सगळ्यांना सांगितलं, की त्या संध्याकाळी तिने मला हो म्हटलं आणि आनंदाच्या भरात पळताना तिचा पाय घसरला. खोटं म्हणायला दुसरं कोण होतं तिथे? तिच्या आईबापांनी त्याला रडत रडत घरच्यांच्या रांगेत बसवलं, होणारा जावई म्हणून. प्रेताला नेसवताना उजवा पदर वर घेतला तेव्हा तोही हात लावायला पुढे होता. घरी आल्यावर तोकिएसाननी त्याला विचारलं, की तिने खरंच हो म्हटलं का रे? तो म्हणाला, म्हणेल.

तेव्हापासून म्हणवून घेतो आहे, असं म्हणून तोकिएसान उठल्या. मग दारातून एवढंच म्हणाल्या, की ते यंत्र तिला जशी होती तशीच काढत होतं, चिगुसासान. मेलेली. तुम्ही तिला उठवून त्याच्यासमोर बसवलंत.

१० ऑगस्ट

तीन दिवस फक्त राग. जेवण जात नाही. बरंच झालं, रागाने भीती मागे पडते.

सगळं जुळतं आहे. मिसाओ मेलेली. तिला जिवंताचा पदर द्यायचा तर तो उलटवणारीच्या अंगावरूनच घ्यावा लागतो, म्हणजे माझ्या. पण काजितानी तर जिवंत आहे. गेमच्या नायकाला त्याने स्वतःचा विशीतला चेहरा दिला आहे, त्याचे जुने फोटो भरून. त्या नायकाचाही उजवा पदर वर असतो. तो सुधारायची गरज आजवर कुणाला वाटली नाही, कारण शेवटच्या चित्रापर्यंत तो पाठमोरा असतो. शिंपिणीला आजवर मी फक्त बायकांची चित्रं दाखवली. त्याचीही दाखवली तर? त्याच्या चित्राला लागणारा जिवंत पदर त्याच्याच अंगावरून निघेल.

मिसाओची सगळी चित्रं मी परत पहिल्यासारखी करणार, उजवा पदर वर, तीळ डावीकडे. तिचं तिला. माझं मला. आणि त्याचं त्याला.

आणखी एक काम. ओनुमासानना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच विनोद न करता ऐकत होते. मग म्हणाले, त्या पोरीच्या तोंडी मी दोन वर्षं हो लिहितो आहे, दर वेळी काजितानी मागे उभा असतो. त्यांनी शेवटच्या प्रसंगाची फाइल उघडली, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि जरा शेंगा घेऊन येतो म्हणून निघून गेले. तिन्ही पर्यायांखालचं उत्तर मी पुसलं आणि तिन्ही ठिकाणी लिहिलं: नाही.

माझ्या चेहऱ्याची गोष्ट त्याच्या कुलपात आहे. ती नंतर बघू. तो नसेल तर ती बाहेर येणारच कशी?

१३ ऑगस्ट

ओबोनचा पहिला दिवस. पितर घरी येतात. तोकिएसाननी छत्र्यांच्या दुकानासमोर काड्यांचा छोटा जाळ केला, काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करून ठेवला. मेलेल्याने लवकर यावं म्हणून घोडा. परत जाताना सावकाश जावं म्हणून वांग्याची गाय ठेवतात. ती त्यांनी ठेवली नव्हती. मी विचारलं नाही.

वर जाऊन सगळं केलं. मिसाओ पहिल्यासारखी. नायक शिंपिणीला दिला. तिने एका झटक्यात त्याचा पदर जागेवर आणला. छान दिसत होता मेला.

घरी आंघोळ केली. गरमात गार. पदर — डावा वर. आपोआप! मी आरशासमोर उभी राहून रडले.

१६ ऑगस्ट

दुपारी सगळ्यांसमोर काजितानीने स्वतः गेम चालवून दाखवला. उद्या बाहेर यायचा होता. शुभदिवस म्हणून युकाता घालून आला होता. उजवा पदर वर होता. ओनुमासानने बघितलं, मी बघितलं. 

शेवटचा प्रसंग. नदीकाठ, आतषबाजी. मिसाओ मान खाली घालून उभी, तीळ डाव्या डोळ्याखाली. त्याने पहिला पर्याय निवडला. तिने मान वर केली. एवढंच चित्र मी बघितलं नव्हतं. मान वर केलेली मिसाओ चित्रकारबुवांनी कधी काढलीच नव्हती.

नाही, म्हणाली.

म्हणाली. मी फक्त लिहिलं होतं. गेममध्ये मिसाओला आवाज देणाऱ्या मुलीने तो शब्द कधी उच्चारलाच नव्हता. तो आवाज त्या मुलीचा नव्हताच.

तो हसला, मागे जाऊन दुसरा पर्याय घेतला. नाही. तिसरा. नाही. मग तो बटण बडवत सुटला, हो म्हण, हो म्हण, असं पुटपुटत, आणि दर वेळी नाही, नाही, नाही, मोठ्याने. तोकिएसान खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. मग त्याच्या तोंडातून पाणी आलं. गढूळ. खोलीभर नदीचा वास. तो माझ्याकडे हात पसरून काही म्हणाला.

मला नीट ऐकू आलं नाही, असं मी सांगितलं.

१७ ऑगस्ट

पोलीस. डॉक्टर. फुप्फुसात पाणी, म्हणाले, आणि एकमेकांकडे बघत राहिले. माडीला टेप लावली आहे. गेम बाहेर आला नाही.

वाईट वाटलं का, असं मीच मला विचारलं. नाही. अजिबात नाही. शेंगा खाल्ल्या, बिअर प्यायले, पूर्वेला डोकं करून मस्त झोपले. हा दिवस मला आयुष्यभर आवडेल.

१८ ऑगस्ट

उजवा वर.

सकाळी उठले तीच तशी. सोडला, बांधला. नजर हलली की पुन्हा. डोकं उत्तरेला होतं.

पण मी तर तिची सगळी चित्रं परत —

तोकिएसानचा फोन. पोलिसांबरोबर त्या मागच्या खोलीत गेल्या होत्या. यंत्र चालूच आहे. कुणी बंद केलंच नाही. काजितानीने मरायच्या आधी त्याला काम लावून ठेवलं होतं, दुसऱ्या नायिकेचं. माझं. रात्रंदिवस माझी चित्रं निघताहेत, उजवा पदर वर असलेली. आणि माझी शिंपीण बसली आहे ना तिथे. निघालं की उलटवते. निघालं की उलटवते.

प्रत्येक चित्राला जिवंत पदर. आणि तो माझा. माझा, माझा, माझा.

मी ओरडले, वायर काढा! त्यांनी काढली. मला आवाज आला. मग त्या म्हणाल्या, चालूच आहे.

१९ ऑगस्ट

पाणी कुणी काढलं माहीत नाही. गार आधी. गरम वरून.

तोकिएसानना विचारलं, चित्रात काय दिसतं ते सांगा. सांगायला तयार नव्हत्या. मग सांगितलं. मी नदीकाठी बसले आहे. समोर तो बसला आहे. तोच, विशीतला, उजवा पदर वर. ओले केस. मागे एक मुलगी, डाव्या डोळ्याखाली तीळ, माझ्या कमरेचा पट्टा, ओबी, बांधते आहे. घट्ट. नवरीची बांधतात तशी.

तिने त्याला नाही म्हटलं. सुटली. पण त्याच्यासमोरची जागा — ती कुणीतरी — आणि तिला उठवून त्याच्यासमोर बसवलं कुणी? मी. रोज. नटवून. हसत.

तिच्यासाठी लिहिलं मी. तिन्ही ठिकाणी. माझ्या गोष्टीत लिहिलंच नाही. नंतर बघू म्हणाले. माझ्या गोष्टीत अजून सगळीकडे तेच आहे.

फोनवर तोकिएसान रडत होत्या. चित्राखाली शब्द आला आहे, म्हणाल्या. तो विचारतो आहे.

कमरेला काहीतरी आवळतं आहे —

मोठ्याने म्हणायचं ठरवलं. तोंड उघडलं. हो. मी असं म्हणाले? पुन्हा. हो. हो. हात बदलतो आहे, पेन डाव्या हातात — लिहिता अजून येतं. लिहीन. लिहिलेलं चालतं, तिचं चाललं होतं. मोठ्या अक्षरात लिहिते, तिन्ही ठिकाणी, म्हणजे —

ना